हप्ते भरतोय, पण कर्ज किती उतरलं? कर्ज आणि बचत एका पानावर मोजण्याची रीत

नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याकडे फ्लॅट घेताना २० लाखांचं गृहकर्ज काढलं, व्याज ८.५ टक्के, मुदत २० वर्षं, असं धरा. हप्ता बसतो १७,३५६ रुपये. पाच वर्षं एकही हप्ता न चुकवता भरला की खिशातून गेलेले असतात १० लाख ४१ हजार, आणि मुद्दल उतरलेलं असतं २ लाख ३७ हजारांच्या आसपास. बँकेचं देणं अजून १७ लाख ६२ हजार! यात कुणी कुणाला फसवलेलं नाही. व्याज उरलेल्या मुद्दलावर लागतं, म्हणून पहिल्या हप्त्यातले १४,१६७ रुपये व्याजात जातात आणि मुद्दलाच्या वाट्याला ३,१८९ येतात. घरात मात्र बोलणं चालतं ते "दहा लाख भरून झाले" असं.

म्हणून पहिला नियम: किती हप्ते भरले हे मोजायचं नाही. बाकी मुद्दल किती राहिलं ते मोजायचं, आणि त्याच पानावर शेजारी शिल्लक किती झाली ते लिहायचं. दोन्हींसाठी पैसे एकाच पगारातून जातात, मग हिशेब दोन वह्यांत कशाला? मोबाइलमधली शीट चालेल, लांब वही चालेल. मला वही बरी वाटते, कारण ती घरातल्या दोघांनाही उघडता येते आणि तिला पासवर्ड लागत नाही.

पहिली पायरी: सगळी देणी बाहेर काढा

एका रविवारी दोन तास काढा. ज्या ज्या बँकेचं, फायनान्स कंपनीचं, पतसंस्थेचं कर्ज आहे त्यांच्याकडून कर्जखात्याचा उतारा आणि परतफेडीचं वेळापत्रक घ्या. बहुतेकांच्या ॲपवर मिळतं, पतसंस्थेत बहुधा शाखेत जाऊन मागावं लागतं. उताऱ्यात "बाकी मुद्दल" हा आकडा शोधा, तोच आपल्या कामाचा. "एकूण देय रक्कम" म्हणून दिसतो त्यात पुढचं व्याजही मिळवलेलं असू शकतं.

मग सिबिल अहवाल, म्हणजे आपल्या नावावरच्या सगळ्या कर्जांची नोंद, काढा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. स्कोअरकडे नंतर बघा, आधी यादी वाचा. विसरलेलं क्रेडिट कार्ड, एमजी रोडवरून हप्त्यावर घेतलेल्या मोबाइलचं कर्ज, मित्रासाठी जामीन राहिलात ते कर्ज, सगळं तिथे दिसतं. जामिनकीची बाकी आपल्या बेरजेत धरायची नाही, पण पानाच्या तळाशी लिहून ठेवायची.

अहवालात न दिसणारी देणीही असतात आणि लपून राहतात तीच. मामाकडून घेतलेले हातउसने, किराणा दुकानातली उधारी, सोनेतारण ठेवून सोसायटीकडून उचललेले पैसे. आणि भिशी. भिशीला बरेच जण सरसकट बचत समजतात, पण ती अर्धी गोष्ट. बारा जणांची महिना दोन हजारांची भिशी असेल आणि तुमचा नंबर अजून लागला नसेल, तर भरलेले पैसे तुमचं येणं आहे, बचतीत लिहा. नंबर लागून २४ हजार घरात आले की त्या दिवसापासून उरलेले हप्ते हे कर्ज. चौथ्या महिन्यात उचलली असेल तर आठ हप्ते, म्हणजे १६ हजार, कर्जाच्या रकान्यात. दुकानदारांच्या पिग्मीचंही (रोज थोडे थोडे भरायची ठेव) तसंच: पिग्मीवर कर्ज काढलं असेल तर साठलेली ठेव बचतीत आणि उचललेली रक्कम कर्जात, दोन्ही वेगवेगळं लिहायचं. परस्पर वजाबाकी करून मोकळं व्हायचं नाही.

दुसरी पायरी: व्याजदर एका मापात आणा

प्रत्येक देण्यासमोर वर्षाचा व्याजदर लिहायचा. इथे घोळ असतो, कारण प्रत्येक जण वेगळ्या भाषेत दर सांगतो.

सावकार म्हणतो "शेकडा तीन". ते महिन्याचे तीन, वर्षाचे ३६ टक्के. क्रेडिट कार्डावर महिना ३.५ टक्के लिहिलेलं असतं, ते वर्षाचे ४२, आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी वेगळा. गाडीच्या किंवा वस्तूच्या कर्जात "फक्त १० टक्के फ्लॅट" सांगतात. एक लाख, तीन वर्षं, १० टक्के फ्लॅट म्हणजे व्याज ३० हजार आणि हप्ता ३,६११. पण दर महिन्याला मुद्दल परत जात असताना व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण एक लाखावर धरलेलं असतं. बँकेच्या घटत्या शिलकीच्या पद्धतीने मोजलं तर तो दर जवळपास १८ टक्के निघतो. शोरूममध्ये दर सांगितला की एवढंच विचारायचं: "फ्लॅट की रिड्युसिंग?"

पीककर्ज हा वेगळा मामला. नियत तारखेच्या आत भरलं तर व्याज सवलतीमुळे ते घरातलं सगळ्यात स्वस्त कर्ज असतं, तारीख हुकली की सवलत जाते. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाचे पैसे उन्हाळ्याच्या तोंडाशी येतात, लासलगाव-पिंपळगावला कांद्याचे कधी येतील ते भावावर. अशा घरात दरमहाचा हिशेब कमी बोलतो. तिथे हंगामाला एक ओळ लिहा आणि पीककर्जाची नियत तारीख पानाच्या डोक्यावर लाल शाईने.

तिसरी पायरी: तारीख ठरवा

महिन्यातून एकदा, एकच तारीख. सातपूर-अंबडच्या कंपन्यांत बऱ्याच जणांचा पगार ७ ते १० तारखेला होतो आणि हप्ते ५ किंवा १० ला कापले जातात. म्हणून १२ तारीख सोयीची पडते. पगार आलेला, हप्ते गेलेले, आणि खर्चाला अजून रंग चढायचा असतो. तुमच्या तारखा वेगळ्या असतील तर त्याप्रमाणे, पण एकदा ठरली की बदलू नका. एका महिन्यात हप्त्याआधीचा आकडा आणि दुसऱ्यात नंतरचा लिहिला तर तुलनेला अर्थ राहत नाही.

आकडे आठवणीतून लिहायचे नाहीत. ॲप उघडून, पासबुक बघून लिहायचे. वीस मिनिटांचं काम आहे.

चौथी पायरी: पान

समजा अंबडच्या कारखान्यात सीएनसी मशीनवर काम करणारा माणूस, हातात ३४ हजार. बायको घरी शिवणकाम करते, महिना ८ हजार. सिडकोत वडिलांचं घर, त्यामुळे भाडं नाही. दोन लाखांचं वैयक्तिक कर्ज १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी काढलेलं, हप्ता ६,८३६, बारा हप्ते झालेले. कार्डावर ६० हजार थकलेले. कार्ड वापरणं बंद करून ते महिना ८ हजार भरायला लागले. भिशी उचललेली. मामाचे २५ हजार. बँकेत महिना दोन हजारांची आरडी (आवर्ती ठेव), आणि अडीअडचणीसाठी महिना एक हजार बाजूला. त्यांचं पान असं दिसेल:

| | जून | जुलै | ऑगस्ट | सप्टेंबर |
|---|---|---|---|---|
| वैयक्तिक कर्ज | १,४२,३७० | १,३७,१९५ | १,३१,९६० | १,२६,६६४ |
| क्रेडिट कार्ड | ६०,००० | ५४,४७८ | ४८,७२८ | ४२,७४० |
| भिशी | १६,००० | १४,००० | १२,००० | १०,००० |
| मामा | २५,००० | २५,००० | २५,००० | २५,००० |
| एकूण कर्ज | २,४३,३७० | २,३०,६७३ | २,१७,६८८ | २,०४,४०४ |
| आरडी | १८,००० | २०,००० | २२,००० | २४,००० |
| अडीअडचण | १२,००० | १३,००० | ९,५०० | १०,५०० |
| एकूण बचत | ३०,००० | ३३,००० | ३१,५०० | ३४,५०० |
| निव्वळ | उणे २,१३,३७० | उणे १,९७,६७३ | उणे १,८६,१८८ | उणे १,६९,९०४ |

शेवटची ओळ म्हणजे बचत वजा कर्ज. ती बराच काळ उणेच राहील, गृहकर्ज असेल तर कित्येक वर्षं. उणे आहे याचं दडपण घेऊ नका. ती दर महिन्याला शून्याकडे सरकते की नाही एवढंच बघायचं. गृहकर्जाचं मी तर म्हणेन वेगळं पान ठेवा, कारण वीस लाखांच्या आकड्याशेजारी कार्डाचे साठ हजार किरकोळ वाटायला लागतात, आणि घराचं बजेट खाणारे तेच असतात.

बचतीत काय धरायचं यावर घरोघरी वाद होतो. माझं मत: जे मोडायची खरंच तयारी आहे तेवढंच. सराफ बाजारातून धनत्रयोदशीला घेतलेलं नाणं धरा, मंगळसूत्र धरू नका. पीएफ आणि पीपीएफ वेगळ्या ओळीत, बेरजेबाहेर. ते म्हातारपणाचे पैसे आहेत, गाडीचं इंजिन बसलं म्हणून काढायचे नाहीत.

ठेव कुठे आहे तेही कंसात लिहा. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक धरून, एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. पतसंस्था अर्धा-एक टक्का व्याज जास्त देते म्हणून सगळी शिल्लक तिथे नेऊन ठेवण्याआधी हा फरक लक्षात घ्या.

पाचवी पायरी: पान वाचायचं कसं

तीन महिन्यांत या घराने कर्जापोटी भरले ५०,५०८ रुपये. कर्ज उतरलं ३८,९६६. मधले ११,५४२ व्याजात गेले. आता हे व्याज कुणाकडे गेलं ते बघा: १४ टक्क्यांच्या मोठ्या कर्जाला ४,८०२ आणि त्याच्या निम्म्याहून लहान असलेल्या कार्डाला ६,७४०. हप्त्यांची यादी कितीही वेळा वाचली तरी हे कळत नाही. बाकी मुद्दलाचे आकडे महिन्याच्या क्रमाने शेजारी मांडले की लगेच दिसतं.

कार्डाचं गणित जरा जवळून बघू. ६० हजारांवर महिन्याचं ३.५ टक्के व्याज २,१००, त्यावर जीएसटी ३७८, मिळून २,४७८. जून महिन्यात या घराने ३ हजारच भरले असते, तर मुद्दल उतरलं असतं ५२२ रुपये! बिलावर "किमान देय" म्हणून जो आकडा छापलेला असतो तो भरून दंड टळतो, कर्ज नाही. वर बाकी पुढे ओढली की नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. म्हणूनच कार्ड फेडायचं ठरवलं की त्यावर पेट्रोलसुद्धा भरायचं नाही.

ऑगस्टमध्ये निव्वळ आकडा कमी सरकला, ११,४८५ ने. कारण अडीअडचणीतून स्कूटरच्या दुरुस्तीला ४,५०० काढले. याला घसरण म्हणायचं नाही. तो पैसा त्यासाठीच होता, आणि तो नसता तर दुरुस्ती कार्डावर गेली असती. पानावर त्या चौकोनाशेजारी "स्कूटर" एवढा शब्द लिहून ठेवा. सहा महिन्यांनी तो आकडा का पडला हे कुणाला आठवत नाही.

मामाची ओळ चार महिने जागची हलली नाही. बिनव्याजी आहे म्हणून ती शेवटी ठेवणं हिशेबाने बरोबर आहे, नात्याने मात्र नाही. फोन करून सांगावं, "मामा, कार्ड फिटलं की जानेवारीपासून महिना पाच हजार सुरू करतो." आणि तो महिना पानावर लिहावा.

सहावी पायरी: पानावरून निर्णय घ्या

कोणतं कर्ज आधी? ज्याचा दर सगळ्यात जास्त ते. लहान कर्ज आधी फेडून हुरूप वाढवा असंही सांगतात, आणि काही घरांत ते चालतंही. पण सावकाराचे शेकडा तीन चालू ठेवून आधी टीव्हीचं कर्ज मिटवणं मला पटत नाही.

आता खरा प्रश्न: ४२ टक्क्यांचं कार्ड डोक्यावर असताना आरडी चालू ठेवायची का? आपल्याकडे आरडी मोडायची म्हटलं की घरात सुतक पडल्यासारखं होतं. पण आकडे मांडून बघा. सप्टेंबरपासून आहे तसंच, महिना ८ हजार भरत राहिलं तर कार्ड फिटायला सात महिने लागतात आणि साधारण ६,५६० रुपये आणखी व्याजात जातात. आरडीचे २४ हजार कार्डावर टाकले आणि तिचा दोन हजारांचा हप्ताही तिकडेच वळवून महिना १० हजार भरले, तर दोन महिन्यांत कार्ड शून्य होतं, व्याज जेमतेम १,१७०. आरडी मोडल्याबद्दल बँक थोडं व्याज कापेल, पण वाचणाऱ्या पाच हजारांपुढे ते काहीच नाही. पोस्टाची आरडी असेल तर ती तीन वर्षांआधी मुदतपूर्व बंद करता येत नाही. बारा हप्ते भरून वर्ष झालं असेल तर जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं, त्याचा दर विचारून मग ठरवा.

अडीअडचणीचे १०,५०० मात्र हलवायचे नाहीत. तेही कार्डावर टाकले तर पुढच्या दवाखान्याला पुन्हा कार्डच बाहेर येतं. कार्ड संपल्यावर हा आकडा आधी तीन महिन्यांच्या घरखर्चाइतका करा, आरडी त्यानंतर.

दिवाळीच्या बोनसचं आधीच लिहा. बोनस हातात आल्यावर त्याला दहा वाटा फुटतात. सप्टेंबरच्या पानावरच पेन्सिलने टाका: इतके कर्जाला, इतके अडीअडचणीला, इतके कपडे-फराळाला. तिसरा वाटा शून्य ठेवू नका, तसं पान कुणी पाळत नाही. जूनची शाळेची फी, गणपती, गाडीचा विमा हेही असेच. वर्षाची बेरीज करून बाराने भागा आणि तेवढे दरमहा बाजूला काढा, म्हणजे दर जूनला नवं कर्ज निघणार नाही.

२०२७ च्या सिंहस्थासाठी पंचवटी-त्र्यंबककडे बरेच जण कर्ज काढून गाळे, गाड्या, राहायच्या खोल्यांची तयारी करत आहेत. धंद्याचं कर्ज घराच्या पानावर आणू नका. त्याचं येणं-जाणं निराळं. घराच्या पानावर फक्त एवढंच: धंद्यातून या महिन्यात घरात किती आले, किंवा घरातून धंद्यात किती गेले.

जास्तीचे पैसे भरताना

हातात रक्कम आली आणि गृहकर्जात टाकायची ठरवली, तर नुसती जमा करून येऊ नका. मुदत कमी करायची की हप्ता, हे बँकेला लेखी सांगा आणि नवं वेळापत्रक मागून घ्या. मुदत कमी केली तर व्याज जास्त वाचतं. हप्ता कमी करणं तेव्हाच, जेव्हा महिना खरोखर निघत नाही. व्यक्तीने स्वतःसाठी घेतलेल्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड लावता येत नाही. स्थिर दराच्या वैयक्तिक किंवा गाडीच्या कर्जावर असू शकतो. करारात टक्केवारी बघा आणि वाचणाऱ्या व्याजातून ती वजा करून मगच भरा.

व्याजदर वाढतो तेव्हा बँका हप्ता तसाच ठेवून मुदत लांबवतात. खात्यातून तेवढेच पैसे जात राहतात, त्यामुळे घरात पत्ता लागत नाही. म्हणून गृहकर्जाच्या पानावर बाकी मुद्दलाशेजारी "उरलेले हप्ते" हाही रकाना ठेवा. महिना गेला तरी तो आकडा एकने कमी झाला नाही, तर शाखेत जाऊन विचारा. दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडायची संधी कर्जदाराला द्यावी असं रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये सांगितलेलं आहे.

कर्ज फिटल्यावर

शेवटचा हप्ता गेला म्हणजे ओळ खोडायची घाई नको. आधी "नो ड्यूज" दाखला हातात घ्या. कार्ड असेल तर ते बंद केल्याचं लेखी घ्या. थकलेल्या कर्जात वसुलीवाले "सेटलमेंट करून टाका" म्हणतात. त्यात रक्कम कमी भरावी लागते खरी, पण अहवालात "सेटल्ड" असा शेरा पडतो आणि पुढच्या कर्जाला तो नडतो. शक्य असेल तर पूर्ण भरून "क्लोज्ड" करून घ्या, आणि महिना-दीड महिन्याने अहवालात तसं दिसतंय का ते तपासा.

त्याच महिन्यापासून मोकळा झालेला हप्ता पुढच्या कर्जाकडे वळवा. आपोआप कापला जाईल अशी सूचना बँकेला देऊन ठेवली तर उत्तम. खात्यात पडून राहिलेले आठ हजार दोन महिन्यांत कुठे जिरले ते कळत नाही.

गृहकर्ज फिटलं की मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत करणं बँकेवर बंधनकारक आहे. तिच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई द्यावी लागते. गाडीचं कर्ज असेल तर बँकेकडून फॉर्म ३५ आणि ना-हरकत घेऊन पेठ रोडच्या आरटीओतून आरसी बुकावरचा बोजा उतरवून घ्या, नाहीतर गाडी विकायच्या दिवशी धावपळ होते. आणि शेतीवर कर्ज होतं, तर सोसायटीचा किंवा बँकेचा दाखला तलाठ्याकडे देऊन फेरफार नोंदवा. फेरफार मंजूर झाला की नवा सातबारा काढा आणि "इतर हक्क" रकान्यातून बोजा खरंच गेलाय का ते बघून मगच वहीतली ओळ बंद करा.